करिंथचा मांसबाजार, उत्तर आफ्रिकेतला नट आणि देवाविषयीची शिकवण

तुम्ही विचारलं आहे की पहिल्या तीन-चार शतकांतल्या ख्रिस्ती लोकांची देवाविषयीची शिकवण त्यांच्या रोजच्या व्यवहारात खरोखर उतरत होती का, की ती बिशप आणि पंडितांच्या वादांपुरतीच राहिली? आणि उतरत असेल तर बाजारात, घरात, कामाच्या जागी ती कशी दिसायची? आरंभीच्या चर्चचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सहसा असं धरून चालतो की आधी सिद्धान्त ठरला आणि मग लोकांनी तो अमलात आणला. मूळ लिखाण वाचायला घेतलं की क्रम बरेचदा उलटा दिसतो. आधी कुणीतरी अडतं. बाजारातलं मांस घ्यावं की नाही? नवरा जुन्या देवांना मानणारा असेल तर बायकोने प्रार्थना कुठे करायची? मूर्ती घडवणाऱ्या कारागिराने बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी झाल्यावर, पोट कसं भरायचं? असे प्रश्न मंडळीपुढे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समुदायापुढे, येतात आणि उत्तर देताना शिक्षकांना देव, सृष्टी, शरीर, मंडळी यांविषयी आपण नेमकं काय मानतो ते उघड करून सांगावं लागतं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: ही शिकवण रोजच्या जगण्याला कुठे अडायची, आणि अडली की तिची किंमत कोण मोजायचं? माझ्या अभ्यासात या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाने जितकं दाखवलं, तितकं दुसऱ्या कशाने दाखवलं नाही.

उत्तर काळावर, गावावर आणि माणसाच्या दर्जावर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. इ. स. ५५ च्या सुमाराची ग्रीसमधल्या करिंथची मंडळी घराघरांत जमणारी आणि लहान होती. इ. स. २०० च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोक शहरात दिसू लागले होते, पण सुरक्षित नव्हते. ३७० च्या सुमाराला कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियात बिशप हा शहरातला मोठा माणूस होता आणि सम्राटही ख्रिस्ती होता. शिवाय स्वतंत्र नागरिक, त्याची बायको आणि त्याचा गुलाम हे एकाच घरात राहून तीन वेगळ्या जगांत वावरत. ‘आरंभीचे ख्रिस्ती लोक असं करत’ असं सरसकट वाक्य कुठे दिसलं, की कोण, कुठला आणि केव्हाचा, हे विचारायचं.

सुरुवात करिंथपासून करू, कारण तिथला प्रश्न ताटातला आहे. त्या काळच्या शहरात मांस, देऊळ आणि मेजवानी यांना वेगळं करणं कठीण होतं. बळी दिलेल्या जनावराचा काही भाग वेदीवर जाई, काही पुजाऱ्यांना मिळे, काही तिथेच पंगतीत खाल्ला जाई आणि उरलेला बाजारात विकायला येऊ शके. करिंथमध्ये रोग बरे करणाऱ्या अस्क्लेपिओस देवाच्या आवारात जेवणाच्या खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावी सापडलेल्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदांवरच्या लिखाणात) दुसऱ्या शतकातली छोटी निमंत्रणं मिळतात. एकात कायरेमोन नावाचा माणूस सेरापीस देवाच्या पंगतीला, देवळात, उद्या म्हणजे १५ तारखेला, नवव्या तासाला (दुपारी तीनच्या सुमाराला) जेवायला बोलावतो आहे. लग्नाची बोलणी, धंद्याची ओळख, संघाची वार्षिक पंगत हे सगळं अशा ठिकाणी होई. जेवण नाकारणं म्हणजे माणसं नाकारणं.

करिंथकरांनी प्रेषित पौलाला, म्हणजे त्यांची मंडळी स्थापणाऱ्या प्रचारकाला, पत्र लिहून विचारलं आणि त्याचं उत्तर बायबलमधल्या १ करिंथ या पत्राच्या ८ ते १० या अध्यायांत आहे. त्या मंडळीतल्या जाणत्या लोकांचा युक्तिवाद पक्का होता: देव एकच आहे, मूर्तीत काही नाही, मग त्या मांसात तरी काय असणार? पौल हे मान्य करतो. बाजारात जे विकतं ते विचारपूस न करता खा, पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे, असं तो सांगतो. कुणी घरी जेवायला बोलावलं तर जा आणि समोर येईल ते खा, हेही सांगतो. म्हणजे सृष्टीविषयीची शिकवण थेट खाटकाच्या फळीपर्यंत पोचली. पण तो तिथेच थांबत नाही. देवळातल्या पंगतीत बसायला त्याची मनाई आहे. आणि जो कालपरवापर्यंत त्या देवाला भजत होता, त्या दुबळ्या भावाला तुमच्या खाण्याने ठेच लागणार असेल, तर आपण मांसच खाणार नाही, असं तो म्हणतो. त्याचं कारण साधं आहे: त्या भावासाठी ख्रिस्त मेला.

इथे किंमत कोणाच्या गळ्यात पडली ते बघा. मेजवान्यांची निमंत्रणं प्रामुख्याने खात्यापित्या घरांना येत. मांस नेहमी परवडणारेही तेच. पौलाने बरोबर सिद्धान्त असलेल्या माणसालाच आपला हक्क सोडायला सांगितला. पुढे अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घेतल्या जाणाऱ्या जेवणाच्या, वेळी काही जण भरपेट खाऊन-पिऊन मोकळे होतात आणि काही उपाशी राहतात, यावर तो कडाडून बोलतो. हे दोन भाग मी वर्गात नेहमी एकत्र शिकवतो. वेगळे काढले की पहिला मूर्तिपूजेचा आणि दुसरा विधीचा वाटतो. दोन्हीकडे विषय एकच आहे: एका शरीराचे अवयव म्हणवणारी माणसं एका ताटाशी कशी वागतात.

याच ठिकाणी वर्गात हात वर होतो: शेजारून आलेल्या गणपतीच्या प्रसादाचं काय? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत यावर एकमत नाही आणि पहिल्या शतकांतही नव्हतं. ‘दिदाखे’ या जुन्या सूचनाग्रंथात मूर्तींना वाहिलेल्या अन्नापासून कटाक्षाने दूर राहा असं आहे. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना यावरून कडक शब्द ऐकावे लागतात. पौलाची बारीक विभागणी पुढच्या पिढ्यांना पेलली नाही असं माझं मत आहे. सरळ मनाई पाळायला सोपी असते. ती लोकांनी पाळलीही. इ. स. ११२ च्या सुमाराला बिथुनियाचा (आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा) रोमन राज्यपाल प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की ओस पडलेल्या देवळांत आता पुन्हा वर्दळ सुरू झाली आहे आणि ज्या बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं ते परत विकलं जातं आहे. आपल्या कारवाईचं यश दाखवण्यासाठी त्याने थोडी अतिशयोक्ती केली असेल. तरी मांसविक्रीवर परिणाम झाला होता हे एका परक्या अधिकाऱ्याच्या सरकारी पत्रात यावं, याला मी फार वजन देतो.

आता कामधंदा. कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. १९७ च्या ‘अपोलोजेटिकम’ या समर्थनग्रंथात ख्रिस्ती लोक निरुपयोगी आहेत या आरोपाला उत्तर दिलं. त्यात आपल्याला ओळखीचा उल्लेख सापडतो. आम्ही काही भारतातले ब्राह्मण किंवा दिगंबर साधू नाही, रानात राहून संसाराबाहेर गेलेले नाही, असं तो म्हणतो. तुमचे चौक, बाजार, स्नानगृहं, दुकानं, खाणावळी सोडून आम्ही जगत नाही. पण हाच माणूस मूर्तिपूजेवरच्या लेखात एकेक धंदा तपासायला घेतो आणि दोर आवळत जातो. मूर्ती घडवणारा नको. देवळाला सोनं मढवणारा नको. धूप विकणारा नको. शाळामास्तरही नको, कारण त्याला देवांच्या कथा शिकवाव्या लागतात आणि सणाच्या दिवशी वर्ग सजवावा लागतो. मुलाने मात्र शाळेत शिकायला हरकत नाही, कारण शिकल्याशिवाय चालणार कसं!

कारागीर त्याला म्हणतो, माझ्याकडे जगायला दुसरा उपाय नाही. टर्टुलियन उलट विचारतो, जगलंच पाहिजे का? हे वाक्य अनेकांना क्रूर वाटतं, आणि एकटं वाचलं तर ते आहेच. पण काही प्रकरणं पुढे गेलं की तो हिशोब मांडतो: मूर्तीला गिलावा करणाऱ्याला घराची भिंत आणि छत दुरुस्त करता येतं, लाकडातून मार्स देव कोरणाऱ्याला कपाट जोडणं किती सोपं! घरांना कामाची गरज देवळांपेक्षा जास्त वेळा पडते, असंही तो सांगतो. त्याला सुतारकाम आणि गवंडीकाम दिसत होतं, आपल्या श्रोत्यांत कोण बसलं आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याच्या उत्तरात एक मोठी उणीव आहे. नवा धंदा बसेपर्यंतच्या काळात त्या माणसाने खायचं काय, याची सोय त्यात नाही.

ती उणीव पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजचा बिशप सिप्रियन भरून काढतो. युक्रेशियस नावाच्या एका बिशपने त्याला विचारलं होतं: एका नटाने रंगमंच सोडला आहे, पण तो आता मुलांना नाट्यकला शिकवून पोट भरतो, त्याला मंडळीत ठेवावं का? तेव्हाच्या रंगभूमीवर देवांच्या लीला, उघड अश्लीलता आणि पुरुषांनी केलेली स्त्रीपात्रं असत, म्हणून चर्चचा तिला ठाम विरोध होता. स्वतः सोडलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवणं चालणार नाही, असं सिप्रियन स्पष्ट लिहितो. पण पुढच्याच ओळींत तो गरिबीचा प्रश्न घेतो. ज्यांना मंडळी अन्न पुरवते त्यांच्यात त्याची गणना करा, साधं पण निर्दोष अन्न त्याला मिळू द्या. तुमच्या मंडळीला हे झेपत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा, त्याच्या अन्नवस्त्राचं आम्ही बघू.

तुमच्या प्रश्नाचं एका कागदात मावणारं उत्तर कुणी मागितलं तर मी हे पत्र पुढे करीन. मनाई आणि शिधा एकाच पत्रात आहेत. मंडळी हे एक शरीर आहे या शिकवणीचा अर्थ असा निघाला की एका अवयवाने श्रद्धेसाठी रोजी सोडली तर तिचा भार बाकीच्यांनी उचलायचा. बाप्तिस्म्याआधी धंद्याची चौकशी करणारी जी यादी ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ या जुन्या चर्चनियमांच्या संग्रहात आपल्याकडे आली आहे, तिच्यातही अशी एक फट ठेवलेली दिसते: मास्तरकी सोडली तर उत्तम, पण दुसरी कला येत नसेल तर करू द्या. सैनिकाबद्दल तिथे म्हटलं आहे की त्याने कुणाला मारू नये आणि शपथ घेऊ नये. हे छावणीत कसं जमायचं याचं उत्तर तिथे नाही.

पैसा यायचा कुठून? जस्टिन हा ख्रिस्ती शिक्षक इ. स. १५५ च्या सुमाराला रोममध्ये लिहितो की रविवारच्या सभेनंतर ज्याला जे द्यायचं ते तो देतो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. टर्टुलियन महिन्याच्या ऐच्छिक वर्गणीबद्दल सांगतो आणि खर्चाच्या बाबींत गरिबांचं दफन, म्हातारे झालेले घरगडी आणि जहाज फुटून निराधार झालेले लोक येतात. दफन यादीत असणं स्वाभाविक होतं. शरीर पुन्हा उठणार आहे असं मानणारी मंडळी गरिबाचं प्रेत बेवारस टाकू शकत नव्हती. २५१ च्या सुमाराला रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो: ४६ प्रेस्बिटर (धर्मगुरू), ७ डीकन (सेवक-अधिकारी) आणि १,५०० हून जास्त विधवा व गरजू, ज्यांचं पोषण मंडळी करते.

याहून जिवंत पुरावा उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावचा आहे, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटीन. सम्राट डायोक्लेशियनने चालवलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात, १९ मे ३०३ रोजी अधिकाऱ्यांनी तिथल्या चर्चवर जप्ती आणली आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद केली. सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा प्याले आहेत, दिवे आहेत, आणि मग बायकांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ आणि बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड. एवढे कपडे गरिबांना वाटण्यासाठीच असणार, हा बहुतेक अभ्यासकांचा आणि माझाही निष्कर्ष आहे. त्यात बायकांचे कपडे इतके जास्त आहेत यावरून त्या खोलीच्या दारात कोण येऊन उभं राहत होतं ते कळतं.

बायकांचा विषय निघाला आहे तर घराकडे वळतो, कारण सगळ्यात अवघड जागा तीच होती. शहरात एखाद्या मिरवणुकीला न जाणं जमून जाई. घरात मात्र कुलदेवता रोज समोर असत. टर्टुलियन आपल्या पत्नीला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात, ख्रिस्ती स्त्रीने परधर्मी पुरुषाशी लग्न का करू नये हे सांगताना, असा संसार ओळीने उभा करतो. तिचा उपास असेल त्या दिवशी नवऱ्याने मेजवानी ठेवलेली असते. रात्रीच्या सभेला तो तिला अंथरुणातून उठून कसा जाऊ देईल? गल्लीबोळातून गरिबांच्या खोपटांत, परक्या माणसांना भेटायला कोणता नवरा बायकोला पाठवील? रात्री उठून ती प्रार्थना करते, अंथरुणावर क्रुसाची खूण करते, तर तो म्हणणार की ही काही जादूटोणा करते. टर्टुलियन हे धाक घालण्यासाठी लिहितो आहे, तरी तपशील इतके नेमके आहेत की अशी घरं त्याने पाहिली असणार. इथे किंमत एकटी बाई मोजत होती. मंडळी तिला अंगरखा देऊ शकत होती, घरातली जागा देऊ शकत नव्हती.

मुलं टाकून देण्याच्या चालीबाबत शिकवण आणि आचरण सर्वांत जवळ आले असं मला वाटतं. इ. स. पूर्व १ मधलं एक पत्र इजिप्तमध्ये सापडलं आहे. हिलारिऑन नावाचा मजूर बायकोला मायेने लिहितो, काळजी करू नकोस, पैसे पाठवतो. आणि त्याच ओघात सांगतो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. कायद्याने हा बापाचा अधिकार होता. ‘दिदाखे’त जन्मलेल्या बाळाला मारायला सरळ मनाई आहे. जस्टिन कारणही देतो: टाकलेली मुलं उचलून लोक त्यांना वेश्याव्यवसायासाठी वाढवतात.

वाचनाची एक सवय सांगतो, ती तुम्हाला उपयोगी पडेल. प्रवचनात किंवा नियमात ज्या गोष्टीला वारंवार मनाई केलेली दिसते, ती गोष्ट लोक करत होते असं समजा. स्पेनमधल्या एल्विरा इथे चौथ्या शतकाच्या आरंभी बिशपांची सभा झाली. तिच्या नियमांत एक असा आहे की धन्यांनी आपल्या घरात मूर्ती ठेवू देऊ नयेत. पण गुलाम दंगा करतील अशी भीती असेल तर निदान स्वतःला शुद्ध ठेवावं. या एका नियमात केवढं घर दिसतं! धनी ख्रिस्ती, नोकरचाकर जुन्या देवांचे, आणि बिशपांनाही ठाऊक की सगळीकडे हुकूम चालणार नाही.

गुलामगिरीबद्दल मात्र उत्तर कटू आहे आणि ते मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. पौल फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती धन्याला लिहितो की तुझा गुलाम अनेसिम याला आता दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकार. एकेकाळी गुलाम असलेला कॅलिस्टस तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमचा बिशप होतो. तरीही अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या आरंभी बजावतो की दासांनी मंडळीच्या पैशातून मुक्त होण्याची हाव धरू नये. नटाला शिधा देणारी मंडळी इथे हात आखडता घेते, कारण इथे किंमत धन्याने मोजायला हवी होती आणि धनी मंडळीच्या पुढच्या रांगेत बसलेला होता. न्यासाचा बिशप ग्रेगरी चौथ्या शतकाच्या शेवटी बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना मुळावरच घाव घालतो: देवाची प्रतिमा असलेल्या माणसाची किंमत तू किती ओबोलांत (छोट्या नाण्यांत) ठरवलीस? सृष्टीची शिकवण त्याने करिंथच्या मांसाहून कितीतरी पुढे नेली होती. पण सार्डिनियात गुलामाच्या गळ्यातलं एक कांस्याचं कडं सापडलं आहे. त्यावर क्रूस आहे, फेलिक्स नावाच्या आर्चडीकनचं (बिशपाच्या मुख्य डीकनचं) नाव आहे, आणि ‘मला धर, पळून जाऊ देऊ नकोस’ असा मजकूर आहे.

तुम्ही वाचनाला सुरुवात कुठून करावी हेही विचारलं होतं. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव या शिकवणीच्या, वादांवरचे ग्रंथ थोडे पुढे ढकला. आधी १ करिंथ ८ ते ११ एका बैठकीत वाचा, मग प्लिनीचं पत्र, मग सिप्रियनचं ते नटाविषयीचं पत्र. तिन्ही मिळून एका संध्याकाळचं काम आहे. प्रत्येक मजकुराजवळ वहीत दोन रकाने करा: इथे कोणाला काय सोडायला सांगितलं आहे, आणि त्याचा खर्च कोण उचलतं आहे. टर्टुलियन त्यानंतर घ्या, कारण त्याची भाषा जोरकस आहे आणि नवा वाचक तिच्यासोबत वाहत जातो. त्रैक्याच्या चर्चेकडे याच वाटेने परत आलात तर एक गोष्ट लक्षात येईल: पुढे कैसरियाचा बिशप झालेला बेसिल, ज्याने पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला, त्यानेच ३६९ च्या सुमाराच्या दुष्काळात कोठारं भरून ठेवणाऱ्यांविरुद्ध प्रवचनं दिली आणि शहराबाहेर रोग्यांसाठी व निराधारांसाठी मोठं आश्रयस्थान उभारलं. त्याची ती प्रवचनं आणि तो ग्रंथ शेजारी ठेवून वाचा, आणि तुमचे ते दोन रकाने तिथेही भरून पाहा.